गोठण्यापासून वाचवणारी रसायने शिंपल्यांच्या भ्रूणांना विषारी का ठरतात?

कालवे, शिनाणे, तिसऱ्या हे दोन शिंपांमध्ये राहणारे मृदुकाय प्राणी आहेत. त्यांची अंडी, भ्रूण आणि कोवळ्या अळ्या द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सियसला गोठवून वर्षानुवर्षे साठवता याव्यात, यासाठी गेली काही दशके संशोधन चालू आहे. नुसत्या समुद्राच्या पाण्यात गोठवलेला भ्रूण जगत नाही. गोठण्याआधी त्याच्या पेशींत एक संरक्षक रसायन शिरवावे लागते. अशा रसायनांना क्रायोप्रोटेक्टंट किंवा गोठणरोधक म्हणतात. अडचण अशी की, बर्फापासून वाचवणारे हे रसायन स्वतःच भ्रूणाला मारू किंवा विद्रूप करू शकते. कोणते रसायन, किती तीव्रतेचे, किती मिनिटे आणि भ्रूणाच्या कोणत्या वयात चालते, यावर या तंत्राचे यश अवलंबून असते.

भ्रूण गोठवायचे कशासाठी?

शिंपल्यांची शेती बीजावर चालते. बीज म्हणजे खडकाला, दोराला किंवा शिंपीच्या तुकड्याला चिकटलेले इवलेसे पिल्लू. काही ठिकाणी ते समुद्रातून गोळा करतात, तर काही ठिकाणी हॅचरीत तयार करतात. हॅचरीतले पालक प्राणी ठरावीक हंगामातच प्रजननाला तयार होतात. बाकीच्या काळात त्यांना गरम पाणी आणि भरपूर शैवाल देऊन तयार करावे लागते, आणि हे काम खर्चिक असते. गोठवलेले भ्रूण हाताशी असतील तर बीज कोणत्याही महिन्यात काढता येते.

दुसरे कारण रोगराईचे आहे. पॅसिफिक कालव ही जगात सर्वाधिक वाढवली जाणारी कालवांची जात. तिच्यावर येणाऱ्या एका नागीणवर्गीय विषाणूच्या नव्या प्रकाराने २००८ मध्ये फ्रान्समध्ये आणि २०१० मध्ये न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात कोवळी कालवे मोठ्या प्रमाणावर मारली. २०१६ च्या सुरुवातीला हा विषाणू टास्मानियात पोहोचला. दक्षिण ऑस्ट्रेलियातले शेतकरी बहुतेक बीज टास्मानियातल्या हॅचरींकडून घेत होते. रोग आत येऊ नये म्हणून दक्षिण ऑस्ट्रेलियाने ती आयात बंद केली, आणि रोग नसतानाही तिथे बीजाचा तुटवडा पडला. अशा वेळी रोगप्रतिकारक वाणांचा गोठवलेला साठा सुरक्षित ठिकाणी असणे म्हणजे पुढच्या पेरणीसाठी बियाणे राखून ठेवण्यासारखे आहे.

तिसरे कारण संवर्धनाचे. भूमध्य समुद्रातला मोठा पंखाकृती शिंपला, पिन्ना नोबिलिस, २०१६ पासूनच्या रोगाच्या साथीत जवळजवळ नाहीसा झाला. २०१९ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली. अशा जातींचा आनुवंशिक ठेवा टिकवायचा तर तो थंडीत जपणे हा एक मार्ग आहे.

चौथे कारण फारसे ठाऊक नसते. समुद्राच्या पाण्यातले प्रदूषण मोजण्यासाठी कालव आणि शिनाण्यांचे भ्रूण वापरतात, कारण थोड्याशा विषानेही त्यांची वाढ बिघडते. पण हंगाम नसेल तर भ्रूण मिळत नाहीत. गोठवलेल्या साठ्यामुळे ही चाचणी बारमाही करता येईल, या हेतूने स्पेनमधील व्हिगो विद्यापीठासारख्या ठिकाणी बरेच काम झाले आहे.

शुक्रपेशी सोप्या, भ्रूण अवघड

गोठवून साठवण्याचे तंत्र आपल्याकडे खेडोपाडी पोहोचले आहे. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी रेतमात्रा द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्येच येतात, आणि त्या रेतात ग्लिसरॉल मिसळलेले असते. याचा उगम १९४९ सालच्या एका योगायोगात आहे. लंडनमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स हे कोंबड्याच्या शुक्रपेशी साखरेच्या द्रावणात गोठवण्याचे प्रयोग करत होते. एका बाटलीतल्या द्रावणाने अचानक उत्तम परिणाम दिला. तपासल्यावर लक्षात आले की, लेबलवर साखरेचे नाव असले तरी आत ग्लिसरॉल होते. १९५९ मध्ये जेम्स लव्हलॉक आणि बिशप यांनी डायमिथिल सल्फॉक्साइड, म्हणजे डीएमएसओ, हा दुसरा पर्याय दाखवला. १९७२ मध्ये उंदराचे गोठवलेले भ्रूण वितळवून त्यांपासून पिल्ले जन्माला आली.

पॅसिफिक कालवाच्या शुक्रपेशी गोठवण्याचे प्रयोग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच झाले होते. भ्रूणांना मात्र वेळ लागला. शुक्रपेशीचे डोके दोन-तीन मायक्रोमीटरचे असते आणि तिच्यात पाणी अगदी थोडे असते. कालवाचे अंडे सुमारे ५० मायक्रोमीटर व्यासाचे, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीचे असले, तरी शुक्रपेशीच्या तुलनेत ते प्रचंड आहे. त्यातले पाणी बाहेर काढायला आणि रसायन आत शिरवायला जास्त वेळ लागतो. शिवाय शुक्रपेशींपैकी निम्म्या मेल्या तरी उरलेल्यांनी काम भागते. भ्रूणात प्रत्येक पेशीचे पुढचे काम ठरलेले असते. तीनचार पेशी बिघडल्या तरी त्यातून बनणारी अळी वेडीवाकडी निघू शकते.

गोठताना पेशीत काय होते?

समुद्राचे पाणी साधारण उणे १.९ अंशाला गोठू लागते. बर्फात मीठ सामावत नाही. त्यामुळे बर्फ वाढत जातो तसे उरलेल्या पाण्यात मीठ साचत जाते. पेशीबाहेरचे पाणी असे खारट झाले की पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि पेशी आक्रसते.

इथे दोन धोके आहेत. फार सावकाश थंड केले तर पेशी दीर्घकाळ दाट मिठात राहते आणि सुकून मरते. फार वेगाने थंड केले तर पाण्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही, ते आतच गोठते आणि बर्फाचे स्फटिक पेशीची अंतर्रचना फाडतात. पीटर मॅझर यांनी १९७२ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेला हा द्विघटक सिद्धांत आजही या विषयाचा पाया आहे. प्रत्येक प्रकारच्या पेशीला या दोन धोक्यांच्या मधला एक योग्य वेग असतो.

गोठणरोधक रसायन इथे मदतीला येते. ते पाण्यात मिसळून गोठणबिंदू खाली आणते आणि कोणत्याही तापमानाला बनणाऱ्या बर्फाचे प्रमाण कमी करते. त्यामुळे मीठ एकदम दाट होत नाही. समुद्राच्या पाण्यात १० टक्के एथिलीन ग्लायकॉल घातले तर गोठणबिंदू साधारण उणे पाच अंशांच्या आसपास जातो.

ही रसायने कोणती?

त्यांचे दोन गट पडतात.

पहिला गट पेशीत शिरणाऱ्या लहान रेणूंचा आहे. गाडीच्या रेडिएटरमधील कूलंटमध्ये असते ते एथिलीन ग्लायकॉल, औषधे आणि खाद्यपदार्थांत वापरले जाणारे प्रोपिलीन ग्लायकॉल, गोड चवीचे ग्लिसरॉल म्हणजेच ग्लिसरीन, प्रयोगशाळेतले डीएमएसओ आणि विषारी दारूकांडांमुळे कुप्रसिद्ध झालेले मिथेनॉल हे या गटात येतात.

दुसरा गट पेशीत न शिरणाऱ्या पदार्थांचा आहे. साधी साखर म्हणजे सुक्रोज, ट्रेहॅलोज ही दुसरी शर्करा आणि पीव्हीपीसारखे मोठे बहुवारिक या गटात येतात. हे पदार्थ बाहेर राहून पेशीतले पाणी ओढून घेतात आणि पेशीपटलाला आधार देतात. त्यांचा रासायनिक विषारीपणा सहसा कमी असतो, पण एकटे ते पुरे पडत नाहीत. म्हणून दोन्ही गटांतले एकेक द्रव्य एकत्र वापरण्याची पद्धत रूढ झाली आहे.

माणसाला काय विषारी आहे, यावरून भ्रूणाला काय विषारी असेल हे ठरवता येत नाही. एथिलीन ग्लायकॉल पोटात गेल्यास माणूस दगावू शकतो, कारण आपल्या यकृतातली विकरे त्याचे रूपांतर ग्लायकॉलिक आणि ऑक्झॅलिक आम्लात करतात. भ्रूणाचा त्याच्याशी संपर्क काही मिनिटांचाच असतो आणि नंतर ते धुऊन निघते. कालव आणि शिनाण्यांवरच्या अनेक प्रयोगांत सौम्य म्हणून निवड झाली ती याच एथिलीन ग्लायकॉलची. उलट आपण खोकल्याच्या औषधात निर्धास्त घेतो ते ग्लिसरॉल या भ्रूणांना तितकेसे मानवत नाही. त्याचा रेणू पेशीपटलातून फार सावकाश आत जातो आणि तितक्याच सावकाश बाहेर येतो.

विषारीपणाचे दोन प्रकार

‘रसायन विषारी ठरले’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक परासरणाचा धक्का, दुसरी खरी रासायनिक इजा.

परासरणाचा धक्का आकड्यांतून चांगला समजतो. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या कणांची एकूण तीव्रता दर लिटरला सुमारे १ ऑस्मोल असते आणि भ्रूणाच्या पेशीतही ती तेवढीच असते. १० टक्के एथिलीन ग्लायकॉल म्हणजे दर लिटरला साधारण १.८ मोल. ते मिसळल्यावर बाहेरची तीव्रता २.८ होते. अशा द्रावणात भ्रूण टाकला की पाणी झपाट्याने बाहेर पडते. ग्लायकॉल आत शिरण्याआधीच पेशीतले मुक्त पाणी जवळपास एक तृतीयांशावर येऊ शकते. मग ग्लायकॉल हळूहळू आत शिरते, त्याच्यामागून पाणी येते आणि पेशी पुन्हा फुगून पूर्ववत होते.

रसायन काढताना याच्या उलट घडते आणि ते जास्त घातक असते. आता पेशीच्या आतली तीव्रता २.८ आहे. तिला एकदम साध्या समुद्राच्या पाण्यात टाकले तर पाणी आत घुसते. ग्लायकॉल अजिबात बाहेर पडले नाही असे धरले, तर पेशीतले पाणी तत्त्वतः २.८ पट व्हायला हवे. प्रत्यक्षात ग्लायकॉलही बाहेर पडत असल्याने फुगवटा इतका वाढत नाही, पण पेशीपटल त्याच्या कितीतरी आधीच फाटू शकते. आक्रसणे बऱ्याच पेशी सोसतात, फुगणे सोसत नाहीत. म्हणून रसायन टप्प्याटप्प्याने घालतात आणि त्याहून सावकाश काढतात.

रासायनिक इजेचे स्वरूप द्रव्यागणिक बदलते. डीएमएसओ पेशीपटलातल्या मेदाच्या थराची रचना सैल करते आणि पेशीच्या सांगाड्यातल्या सूक्ष्मनलिकांवरही परिणाम करते. विभाजन चालू असताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेण्याचे काम याच नलिका करतात, त्यामुळे वेगाने विभागणाऱ्या भ्रूणात हा बिघाड गंभीर ठरतो. प्रोपिलीन ग्लायकॉलमुळे उंदराच्या अंडपेशीत कॅल्शियमची पातळी वाढून ती फलनाशिवायच जागी होते, असे दिसून आले आहे. यांशिवाय प्रथिनांभोवतीचे पाण्याचे आवरण विस्कळीत होणे ही बाब या सर्वच द्रव्यांना कमीअधिक लागू पडते.

दोन्ही प्रकारांचा उपाय वेगळा असतो, म्हणून हा फरक महत्त्वाचा आहे. धक्क्यामुळे भ्रूण मरत असतील तर रसायन अधिक सावकाश घालावे लागते. रासायनिक इजेने मरत असतील तर सावकाश घातल्याने संपर्काचा वेळ वाढतो आणि नुकसान उलट जास्त होते.

टक्केवारीचा घोटाळा

वेगवेगळ्या द्रव्यांची तुलना करताना पुष्कळदा सगळी ‘१० टक्के’ घेतली जातात. ही तुलना दिसते तितकी न्याय्य नाही, कारण त्यांच्या रेणूंचे वजन आणि घनता वेगळी असते. आकारमानाने १० टक्के द्रावणात दर लिटरला साधारण किती मोल असतात ते पाहा:

- मिथेनॉल: २.५
- एथिलीन ग्लायकॉल: १.८
- डीएमएसओ: १.४
- ग्लिसरॉल: १.४
- प्रोपिलीन ग्लायकॉल: १.४

म्हणजे १० टक्के मिथेनॉलमध्ये डीएमएसओच्या पावणेदोनपट रेणू असतात. गोठणबिंदू किती खाली जाईल, हे मुख्यतः रेणूंच्या संख्येवर ठरते. तेव्हा समान टक्केवारीला एथिलीन ग्लायकॉल आणि डीएमएसओ सारखेच विषारी दिसले, तरी संरक्षण एथिलीन ग्लायकॉलकडून जास्त मिळते. कोणताही निष्कर्ष वाचताना आकडा टक्क्यांत आहे की मोलमध्ये, हे आधी पाहावे.

भ्रूणाचे वय आणि सहनशक्ती

पॅसिफिक कालवाची मादी एका वेळी कोट्यवधी अंडी पाण्यात सोडते आणि फलन बाहेर, पाण्यातच होते. साधारण २५ अंशांच्या पाण्यात तासा-दीड तासात पहिले विभाजन होते. काही तासांत पेशींचा गोळा तयार होतो. त्यावर लव फुटते आणि तो गरगर फिरू लागतो. बारा ते सोळा तासांत ट्रोकोफोर नावाची पोहणारी अळी बनते. चोवीस तासांच्या सुमारास पहिली शिंप तयार होते. तिचा आकार इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा असल्याने या अवस्थेला डी-अळी म्हणतात. दोन-तीन आठवड्यांनी अळी जागा शोधून चिकटते आणि बीज होते.

या प्रवासात सहनशक्ती सारखी राहत नाही. निरनिराळ्या जातींवरच्या प्रयोगांत वारंवार दिसलेली गोष्ट अशी की, पहिल्या विभाजनांतले भ्रूण सर्वांत नाजूक असतात आणि ट्रोकोफोर अळ्या त्यांच्यापेक्षा बऱ्याच कणखर असतात. सुरुवातीच्या दोन किंवा चार पेशींपैकी एक जरी बिघडली तरी शरीराचा मोठा भाग कायमचा जातो. ट्रोकोफोर अवस्थेत पेशी अनेक असतात आणि प्रत्येक लहान असते. लहान पेशीला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त मिळतो, त्यामुळे पाणी आणि रसायन तिच्यातून लवकर ये-जा करतात.

मग आणखी मोठी अळी का घेऊ नये? डी-अळीला शिंप आलेली असते, स्नायू आणि पचनसंस्था बनू लागलेली असते. आतल्या प्रत्येक ऊतीपर्यंत रसायन सारखे पोहोचवणे अवघड होते, आणि शिंप मिटून अळी स्वतःला बाहेरच्या पाण्यापासून वेगळीही करू शकते. म्हणून बहुतेक पद्धतींत ट्रोकोफोरच्या आसपासची अवस्था निवडतात. काही जातींत मात्र डी-अळ्यांबरोबरही चांगले निकाल मिळाले आहेत. एका जातीचा नियम दुसऱ्या जातीला जसाच्या तसा लावता येत नाही.

विषारीपणा कसा मोजतात?

चाचणीत गोठवण्याचा भाग मुद्दाम बाजूला ठेवतात, म्हणजे नुकसान रसायनाने झाले की बर्फाने, हे वेगळे कळते. एकाच वयाचे भ्रूण गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात ठराविक दाटीने घेतात. त्यांचे गट करून प्रत्येक गटाला वेगळे द्रव्य, वेगळी तीव्रता आणि वेगळा वेळ देतात. एका गटाला काहीच देत नाहीत. तो नियंत्रण गट. ठरलेल्या मिनिटांनी पाणी घालून द्रव्य पातळ करतात, भ्रूण धुतात आणि स्वच्छ पाण्यात २४ ते ४८ तास वाढू देतात. मग फॉर्मॅलिनचे थेंब टाकून वाढ थांबवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी करतात.

मोजायचे असते ते सुबक डी-अळ्यांचे प्रमाण. शिंप अर्धवट असणे, बिजागरीची कड सरळ नसणे, मांसल भाग शिंपेबाहेर लोंबणे किंवा वाढ आधीच्याच अवस्थेत थांबणे हे सगळे ‘विकृत’ या सदरात जाते. भ्रूण हलतो आहे एवढ्यावरून तो वाचला असे धरत नाहीत. लव हलत राहते आणि आतली वाढ मात्र थांबलेली असते, असे पुष्कळदा घडते.

आकडा नेहमी नियंत्रण गटाच्या प्रमाणात मांडतात. समजा, नियंत्रण गटात १०० पैकी ८० अळ्या सुबक झाल्या आणि रसायन दिलेल्या गटात ६०, तर त्या द्रव्याचा निकाल ७५ टक्के धरतात. अंड्यांची मूळ प्रत मादीमादीत बदलते. ही दुरुस्ती केली नाही तर खराब अंड्यांचा दोष रसायनाच्या माथी बसेल.

सर्वांत कमी विषारी मात्रा म्हणजे सर्वांत चांगली मात्रा, असा अर्थ मात्र घेऊ नये. रसायन शून्य ठेवले तर विषबाधाही शून्य, पण गोठवल्यावर एकही भ्रूण उरणार नाही. विषारीपणाची चाचणी वरची मर्यादा सांगते आणि गोठवण्याची चाचणी खालची. या दोहोंच्या मध्ये जी फट उरते तिच्यात काम करावे लागते. काही जातींत ही फट अगदी अरुंद असते.

इजा कमी कशी करतात?

तापमान हा पहिला उपाय आहे. थंडीत रासायनिक क्रिया मंदावतात, म्हणून द्रव्य कमी तापमानाला घातले तर इजा घटते. पण थंडीत ते आत शिरायलाही जास्त वेळ लागतो, आणि नुसत्या गारठ्यानेही भ्रूणाला इजा होते. डीएमएसओ पाण्यात मिसळताना उष्णता बाहेर पडते, म्हणून ते थेट भ्रूणांवर ओतत नाहीत. द्रावण आधी तयार करून गार करतात आणि मगच वापरतात.

दुसरा उपाय वेळेचा. द्रव्य पेशीत पुरेसे शिरेल इतकाच संपर्क ठेवायचा, जास्त नाही. हा वेळ सहसा मिनिटांत असतो. वितळल्यानंतर मात्र घाई असते, कारण गोठताना उरलेल्या द्रवातले रसायन आणखी दाट झालेले असते. १० टक्के ग्लायकॉलपासून सुरुवात केली तर उणे दहा अंशांपर्यंत न गोठलेल्या द्रवाची एकूण तीव्रता जवळपास दुप्पट होते.

तिसरा उपाय मिश्रणाचा. न्यूझीलंडच्या कॉथ्रॉन संस्थेतील संशोधकांनी पॅसिफिक कालवाच्या अंडपेशींसाठी १० टक्के एथिलीन ग्लायकॉलची पद्धत बसवली. तिथल्याच हिरव्या ओठांच्या शिनाण्याच्या ट्रोकोफोर अळ्यांसाठी १० टक्के एथिलीन ग्लायकॉलसोबत ट्रेहॅलोज वापरले. शर्करेने थोडे पाणी आधीच बाहेर काढले की शिरणारे द्रव्य कमी लागते. वितळल्यावरही शर्करा बाहेरची तीव्रता टिकवून पेशीला एकदम फुगू देत नाही.

चौथा उपाय म्हणजे काचेसारखे गोठवणे, ज्याला विट्रिफिकेशन म्हणतात. द्रव इतका दाट करायचा आणि इतक्या वेगाने थंड करायचा की बर्फाचे स्फटिक बनायच्या आत तो काचेसारखा घट्ट व्हावा. १९८५ मध्ये उंदराच्या भ्रूणांवर हे साधले आणि आज मानवी वंध्यत्व उपचारांत ही पद्धत रूढ आहे. पण तिला द्रव्याची तीव्रता काही पटींनी जास्त लागते. शिंपल्यांच्या कोवळ्या भ्रूणांना ती सोसत नाही आणि हॅचरीला लागणाऱ्या लाखो अळ्या इतक्या सूक्ष्म थेंबांत हाताळणेही कठीण आहे. म्हणून इथे अजून संथ गोठवण्यावरच भर आहे.

वाचलेल्या अळीचे पुढे काय?

दोन दिवसांची चाचणी पार केलेली अळी बीज होईलच असे नाही. न्यूझीलंडच्या शिनाण्यांवरच्या अभ्यासांत गोठवून वितळवलेल्या अळ्यांमध्ये शिंपेची आणि चेतासंस्थेची वाढ रेंगाळलेली आढळली. अशा अळ्या कमी खातात, लहान राहतात आणि त्यांतल्या पुष्कळ चिकटण्याच्या अवस्थेआधीच मरतात. ही इजा रसायनाची किती आणि बर्फाची किती, हे वेगळे काढायचे तर रसायन दिलेल्या पण न गोठवलेल्या अळ्याही तितकेच दिवस वाढवून पाहाव्या लागतात. असा दीर्घ अभ्यास महाग आणि कष्टाचा असतो, पण शेतकऱ्याला तोच उपयोगी पडतो. त्याला डी-अळी विकायची नसते, तर वाढलेले कालव विकायचे असते.

हॅचरीला एका गोष्टीचा दिलासा आहे. मादी कोट्यवधी अंडी देत असल्याने शेकडा थोड्याच अळ्या वाचल्या तरी उत्पादन होऊ शकते. मात्र विषाने एखाद्या विशिष्ट आनुवंशिक गुणाच्या अळ्या जास्त मरत असतील, तर नकळत तशी निवड होत राहील. दुर्मिळ जातीचा ठेवा जपताना हा धोका विशेष लक्षात घ्यावा लागतो.

खाणाऱ्याला धोका आहे का?

गोठवलेल्या भ्रूणापासून वाढलेल्या कालवात कूलंटचे रसायन उरेल का, ही शंका साहजिक आहे. हिशेब करून पाहू. ५० मायक्रोमीटरच्या अंड्याचे आकारमान सुमारे ६५ पिकोलिटर असते. त्याचा दहावा भाग ग्लायकॉल धरला तर ते सुमारे ७ नॅनोग्रॅम भरते, म्हणजे एका ग्रॅमचे सात अब्जांश. त्यातलेही बहुतेक धुताना निघून जाते. ही अळी नंतर कित्येक महिने वाहत्या समुद्रात वाढते. ताटात येणाऱ्या कालवात त्यामुळे काळजी करण्याजोगे काही उरत नाही. खरी काळजी हॅचरीतल्या कामगारांची घ्यावी लागते. मिथेनॉलची वाफ आणि त्वचेतून सहज शोषले जाणारे डीएमएसओ हाताळताना हातमोजे आणि खेळती हवा आवश्यक असते.

भारताच्या संदर्भात

पॅसिफिक कालव ही आपल्याकडची जात नाही. पण न्यूझीलंडच्या ज्या शिनाण्यावर एवढे काम झाले, तो पर्ना वंशातला आहे. कोकण, गोवा आणि केरळच्या किनाऱ्यावर मिळणारे हिरवे शिनाणे, पर्ना विरिडिस, त्याच वंशातले. भारतात शिंपल्यांच्या हॅचरीचा अनुभव जुना आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने तुतिकोरिन येथे १९८१ मध्ये मोत्याच्या कालवाचे बीज हॅचरीत तयार केले. तरीही शिनाण्यांची शेती आजही मुख्यतः खडकांवरून गोळा केलेल्या बीजावर चालते. ज्या वर्षी खडकांवर बीज कमी धरते त्या वर्षी दोर रिकामे राहतात.

न्यूझीलंडची पद्धत इथे तशीच उचलून चालणार नाही. तिथले पाणी थंड आहे, आपले उबदार. उबदार पाण्यात भ्रूणांची वाढ वेगाने होते, त्यामुळे ट्रोकोफोर अवस्था वेगळ्या तासाला येते आणि थोड्या वेळातच निघून जाते. उष्ण प्रदेशातल्या जातींच्या पेशीपटलांची घडणही थंडीला सरावलेली नसते. तेव्हा सुरुवात साध्या कामापासून करावी लागेल. आपल्या जातीचे भ्रूण, आपल्या पाण्याचे तापमान, चार-पाच द्रव्ये, प्रत्येकाच्या काही तीव्रता, काही वेळा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या सुबक डी-अळ्या. या चाचणीला द्रव नायट्रोजनही लागत नाही. भ्रूण किती रसायन सोसतो हे आधी कळले, तरच पुढे तो गोठवता येतो.